औसा परिसरातील ना-नफा संस्था आणि त्यांची कामे

व्याख्या

ना-नफा संस्थेकडे वर्षअखेरीस पैसा शिल्लक राहत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शिल्लक राहू शकते, आणि दूरचा विचार करणाऱ्या संस्थेकडे ती राहायलाच हवी. अट एवढीच की ही शिल्लक विश्वस्त, सभासद किंवा त्यांचे नातलग यांच्यात वाटता येत नाही. ती संस्थेच्या घोषित उद्दिष्टावरच खर्च करावी लागते. शुल्क घेणे, पगार देणे, इमारत बांधणे यांना मनाई नसते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात हा फरक सहज दिसतो. किल्लारीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना सभासदांच्या मालकीचा आहे. त्याचा लाभ उसाच्या दरातून आणि लाभांशातून सभासदांकडेच परत येतो, निदान तशी अपेक्षा असते. त्याच तालुक्यातील हासेगावच्या सेवालयाचा मालक कोणीच नाही. ते चालवणारे वेगळे आणि त्याचा उपयोग होणारे वेगळे. बचत गट या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यातील बचत सभासद महिलांचीच असते, म्हणून तो ना-नफा संस्था नव्हे. पण गट बांधण्याचे आणि त्याला हिशेब शिकवण्याचे काम अनेकदा ना-नफा संस्था करते.

कायद्याआधीची परंपरा

नोंदणीचा कायदा येण्यापूर्वीही लोकांच्या दानावर चालणारी व्यवस्था औशात होती. वारकरी परंपरेतील नाथ संस्थान आणि त्याचे चक्रीभजन यांमुळे औशाचे नाव पंढरपुरात परिचित आहे. मशिदी आणि दर्गे यांच्यासाठी वक्फ केलेल्या जमिनींची व्यवस्था वेगळी होती आणि आजही तिचा कायदा वेगळा आहे. धर्मादायाच्या या रूपात अन्नदान, यात्रेकरूंचा निवारा, उत्सव ही कामे मुख्य होती. निजामाच्या राज्यात सभा-संस्थांवर कडक निर्बंध असल्याने आधुनिक अर्थाची सार्वजनिक संस्था येथे उशिरा आणि बहुधा शाळेच्या रूपाने आली. १९२१ च्या सुमारास हिप्परगा येथे सुरू झालेली राष्ट्रीय शाळा हे त्याचे ठळक उदाहरण. स्वामी रामानंद तीर्थ, म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, या शाळेत शिक्षक होते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले आणि मुक्तीनंतर १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज उभे राहिले. शाळा काढणे हे या भागात दीर्घकाळ राजकीय धाडस होते. लातूर-नांदेडच्या सार्वजनिक जीवनात शिक्षणसंस्थांना जे वजन आहे, त्याचा उगम येथे आहे. ते वजन पुढे कशाकशासाठी वापरले गेले, हा वेगळा विषय आहे.

नोंदणीची चौकट

महाराष्ट्रातील बहुतेक सेवाभावी संस्थांची नोंदणी दुहेरी असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद एकत्र येऊन संस्था स्थापन करतात. त्यांची घटना आणि नियमावली तयार होते. मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली तीच संस्था धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंदवली जाते. तिसरा मार्ग २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालील कंपनीचा. मोठ्या शहरांतील नव्या संस्था तो पत्करतात, तालुक्याच्या गावी तो क्वचित दिसतो. धर्मादाय कार्यालयाचे नियंत्रण दैनंदिन कामावर नसते, मालमत्ता आणि उत्तरदायित्व यांवर असते. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. औसा तालुक्यातील संस्थांसाठी हे कार्यालय लातूरला आहे. कायद्याच्या दृष्टीने शाळा, रुग्णालय, गोशाळा, भजनी मंडळ आणि भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन करणारी संस्था ही सर्व एकाच नोंदवहीतील नावे आहेत. त्यांतील फरक कामातून दिसतो, कागदातून नाही.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.२ होती; जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती मध्यम. तरीही जवळपास दहा हजार माणसे गेली. कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेला मातीचा जड थर, ही या कोरड्या भागाला उन्हाळ्यात सुखावह अशी रचना हादऱ्यात आतल्या माणसांवर कोसळली. औसा आणि तेव्हाचा उमरगा हे दोन तालुके सर्वाधिक उद्ध्वस्त झाले.

पुढच्या काही आठवड्यांत देशभरातून आणि परदेशांतून संस्था या दोन तालुक्यांत आल्या. ना-नफा संस्थांच्या कामांचे इतके प्रकार, इतक्या लहान भूभागावर, एकाच कारणासाठी एकत्र आलेले महाराष्ट्राने त्याआधी पाहिले नव्हते. मदतकार्याचा पहिला टप्पा सर्वांचा सारखाच होता: ढिगारे उपसणे, अन्न, कपडे, औषधे, पत्र्याचे तात्पुरते निवारे. दुसऱ्या टप्प्यापासून वाटा फुटल्या, आणि संस्थेचे उद्दिष्ट म्हणजे नेमके काय, हे तेथपासून कळू लागते.

घरे बांधणाऱ्या संस्था

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे हलवायची ठरली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर असा नियम झाला. यांतील बरीच गावे दानशूर संस्थांनी बांधायला घेतली. बाणेगाव केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ दैनिकाने उभारले. गुबाळ येथे घुमटाकार घरे बांधली गेली. भूकंपाच्या दृष्टीने घुमट हा उत्तम आकार आहे, पण शेतकऱ्याच्या संसाराच्या दृष्टीने नाही: गोल भिंतीला लागून खोली वाढवता येत नाही, कणगी आणि पेटारा नीट बसत नाही, बैल बांधायला जागा उरत नाही.

नव्या गावांची आखणी बहुधा शहरी वसाहतीसारखी झाली, म्हणजे सरळ रस्ते, समान अंतरावरचे भूखंड आणि मधे मोकळी जागा. जुन्या गावातील गल्ली, वाडा, भावकीची शेजारी घरे आणि बायकांना वावरण्यापुरता आडोसा या रचनेत मावला नाही. शेतही लांब पडले. इमारत बांधून हस्तांतर करणे हे देणगीदारासाठी मोजता येण्याजोगे काम असते. उद्घाटनाची पाटी लागते आणि हिशेब बंद होतो. राहणाऱ्यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. ना-नफा संस्थांच्या कामातील एक कायमची अडचण येथे उघडी पडते: ज्याच्यासाठी काम चालते तो पैसे देत नाही, आणि पैसे देणारा तेथे राहत नाही. बाजारात नाराज ग्राहक दुसरीकडे जातो, निवडणुकीत नाराज मतदार मत फिरवतो. लाभार्थ्याच्या हाती यांतले काहीच नसते.

संवाद सहायक

या अडचणीवर त्याच कार्यक्रमात एक उत्तरही सापडले. स्थलांतरित गावांखेरीज हजारांहून अधिक गावांत घरे जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याने येणार आणि बांधकाम त्याने स्वतः करवून घ्यायचे, अशी योजना होती. पण भूकंपरोधक दुरुस्ती म्हणजे काय, हे घराघरांत पोचवणार कोण? हे काम शासनाने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोगाकडे सोपवले. मुंबईतील स्पार्क या संस्थेतून हा गट पुढे आला होता. १९९४ ते १९९८ या काळात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतून संवाद सहायक नेमण्यात आल्या. माळवदावरील मातीचे ओझे का उतरवायचे, भिंतीत आरपार जाणारे दगड का बसवायचे, हप्ता कशावर अडला आहे, या गोष्टी त्या गावसभेत मांडत आणि गावाचे म्हणणे अभियंत्यांपर्यंत नेत.

संस्थेने येथे घर बांधले नाही, पैसाही वाटला नाही. शासनाकडे निधी व तंत्र होते, लोकांकडे गरज व श्रम होते. तुटलेला होता तो दुवा, आणि संस्थेने तेवढाच पुरवला. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम जवळजवळ दिसत नाही, आणि ते सर्वांत अधिक टिकले. संवाद सहायकांच्या फळीतूनच पुढे बचत गटांचे जाळे, नंतर महिला शेतकऱ्यांचे काम उभे राहिले. आज ‘एक एकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत बाई घरच्या शेतीपैकी अर्धा ते एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली घेते आणि त्यावर नगदी पिकाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला अशी खाण्याची पिके घेते. सोयाबीन आणि ऊस यांनी व्यापलेल्या भागात याचा अर्थ असा की पावसाने दगा दिला तरी घरात धान्य असते. या कामासाठी संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मर्यादाही उघड आहे: निर्णय बाईचा झाला, तरी सातबारावर नाव बहुधा पुरुषाचेच राहते.

अनाथ मुलांचा प्रश्न

एकाच प्रश्नाला तीन संस्थांनी तीन उत्तरे कशी दिली, याचे उदाहरण भूकंपानंतरच्या मुलांच्या बाबतीत मिळते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था केली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले. जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभारले. तिन्ही संस्थांची वैचारिक घराणी वेगळी आहेत. सेवा दल आणि संघविचाराची जनकल्याण समिती एरवी एका व्यासपीठावर सहसा दिसणार नाहीत. शैक्षणिक दृष्टीही वेगळी. शहरात नेल्याने संधींचे दार मोठे उघडते, पण गाव, नातलग आणि शेत यांच्याशी असलेला धागा ताणला जातो. जवळ ठेवल्याने धागा टिकतो, संधी मर्यादित राहते. यातले एकच उत्तर बरोबर असा निवाडा देता येत नाही. शासन मात्र एकाच नियमाने सर्वांना बांधते. एका वेळी तीन वेगळे प्रयोग करणे त्याला जमत नाही. ना-नफा क्षेत्राच्या विविधतेचा खरा उपयोग हा आहे.

या तिन्ही ठिकाणची भूकंपग्रस्त मुले काही वर्षांत मोठी झाली आणि मूळ उद्दिष्ट संपले. अशा वेळी संस्थेपुढे बंद होणे किंवा काम बदलणे हे दोनच मार्ग असतात. वाघोलीचे केंद्र पुढे इतर आपत्तींतील आणि वंचित कुटुंबांतील मुलांकडे वळले. हरंगुळला मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र सुरू झाले.

आरोग्य

लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी सुरू केले; डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. येथे रुग्णाकडून शुल्क घेतले जाते, पण डॉक्टर रुग्णालयाचे मालक नसतात आणि शिल्लक विस्तारासाठी वापरली जाते. धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याची एक विशेष जबाबदारी आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या, तसेच देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. करसवलतीच्या बदल्यात समाजाने मागितलेला हा परतावा आहे. राज्यातील अनेक बड्या धर्मादाय रुग्णालयांत या खाटा मिळवताना रुग्णांच्या नातलगांची दमछाक होते, हे वृत्तपत्रे नियमितपणे सांगत असतात.

दुसरी पद्धत रुग्णालयाबाहेरची आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना प्राथमिक उपचार, बाळंतपणाची काळजी, कुपोषणाची ओळख यांचे प्रशिक्षण देऊन ‘भारत वैद्य’ तयार केल्या. ही कल्पना आधी जामखेडला रुजली होती, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे १९७० पासून गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ती घडवली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ‘आशा’ कार्यकर्तीच्या रूपाने हीच कल्पना देशभर गेली. संस्थेने लहान प्रमाणात करून दाखवायचे आणि शासनाने ते सर्वत्र न्यायचे, ही साखळी येथे पूर्ण झाली. मात्र जामखेडची कार्यकर्ती गावाचा विश्वास कमावून उभी होती. ‘आशा’ला कामागणिक मोबदला आणि भरायचे रकाने मिळाले. विस्तारात कल्पनेचा आकार टिकतो, पण पोत टिकेलच असे नाही.

हासेगावचे सेवालय

औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी सेवालय सुरू केले. यातील अनेक मुलांचे आईवडील नव्हते आणि नातलगांनी पाठ फिरवली होती. विषाणूविरोधी औषधे शासनाच्या केंद्रांतून मोफत मिळत होतीच. अडचण वेगळी होती: औषध रोज, ठरल्या वेळी, पोटभर जेवणासह घ्यावे लागते, आणि त्यासाठी मुलाला घर असावे लागते. सेवालयाने ते पुरवले. गावाचा विरोध तीव्र होता. २००९ मध्ये ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली तेव्हा पालकांनी स्वतःची मुले शाळेत पाठवणे थांबवले. अशा भेदभावाला मनाई करणारा एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला; म्हणजे संस्थेने हा झगडा कायद्याच्या आधाराविना केला.

औषधोपचार परिणामकारक झाल्याने पूर्वी अल्पायुषी मानलेली मुले तरुण झाली. आता त्यांना रोजगार, जोडीदार आणि राहायला जागा हवी होती. त्यातून ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ ही वस्ती आकाराला आली आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुण-तरुणींची लग्ने लावली जाऊ लागली. संस्थेचे काम वाढण्याचे एरवीचे कारण निधी किंवा महत्त्वाकांक्षा असते. येथे ते कारण मुले जगली हे आहे.

पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच काळात लातूरच्या नागरिकांनी पक्षभेद बाजूला ठेवून ‘जलयुक्त लातूर’ चळवळ उभी केली आणि लोकवर्गणीतून मांजरा नदीचे सुमारे १८ किलोमीटर पात्र रुंद व खोल केले. पाणी फाउंडेशनने त्याच वर्षी पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली. तिच्या पहिल्या तीन तालुक्यांत शेजारचा अंबाजोगाई होता. तेथे डॉ. द्वारकादास लोहिया यांची मानवलोक ही संस्था १९८२ पासून काम करत होती. श्रमदान, स्पर्धा, गावाची ईर्ष्या हे मार्ग पाणी अडवण्यासाठी प्रभावी ठरले. उपशावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. विंधन विहिरींची खोली आणि उसाचे क्षेत्र हे प्रश्न बाजारभाव, वीजदर आणि राजकारण यांच्याशी बांधलेले आहेत. शेतात टिकाव मारायला सगळे गाव येते. ऊस कमी करा म्हणणाऱ्या संस्थेच्या सभेला माणसे येत नाहीत.

निधी

संस्थेचे काम कोणते हे उद्दिष्ट ठरवते, पण ते किती काळ चालेल हे निधीचा स्रोत ठरवतो. व्यक्तींच्या लहान देणग्या अनिश्चित, पण अटी न घालणाऱ्या असतात. शासकीय अनुदान मोठे असते आणि उशिरा येते. परदेशी निधीवर २०१० च्या कायद्याचे नियंत्रण आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळवणाऱ्या तालुकास्तरावरील लहान संस्थांना याचा फटका अधिक बसला. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१४ पासून मिळू लागला. पाच कोटींहून अधिक निव्वळ नफा असलेली कंपनी, किंवा उलाढाल वा मालमत्तेच्या ठरावीक मर्यादेपुढची कंपनी, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम त्यावर खर्च करते. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. औशासारख्या, मोठे कारखाने नसलेल्या भागाकडे त्यामुळे तो पैसा कमी वळतो. प्राप्तिकरात सवलत मिळवण्यासाठी संस्थेला वर्षाच्या उत्पन्नापैकी साधारण ८५ टक्के रक्कम उद्दिष्टावर खर्च करावी लागते.

मर्यादा आणि पडताळणी

या क्षेत्राचे दोष सर्वपरिचित आहेत. काही न्यासांत विश्वस्तपद वारशाने चालते. काही शिक्षणसंस्थांत ना-नफा ही केवळ नोंदणीची भाषा उरते. अनेक संस्था एका संस्थापकाच्या भोवती उभ्या असतात आणि त्याच्यानंतर संस्थेचे काय, याचे उत्तर घटनेत नसते. शिवाय आपत्तीनंतर येणारा पैसा लवकर संपतो; किल्लारीत शेवटपर्यंत राहिलेल्या संस्था आलेल्यांच्या तुलनेत थोड्या होत्या. यावर बाहेरच्या माणसाला करता येण्याजोगी तपासणी साधी आहे. नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त आणि मालमत्ता यांची नोंद परिशिष्ट एकमध्ये असते, आणि लातूरच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून व शुल्क भरून तिची नक्कल मिळवता येते.